अंशाआधी छेद बघा: रुग्णालयांच्या कामगिरीची तुलना करताना

लंडनमधल्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९०.८४ टक्के. हा आकडा फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या रुग्णालयांवरच्या पुस्तकाच्या १८६३च्या आवृत्तीत छापलेला आहे आणि त्यातल्या भागाकारात कुठेही चूक नाही. १८६१ या वर्षात त्या रुग्णालयांत ३,८२८ मृत्यू झाले. त्याच वर्षी ८ एप्रिलला तिथे ४,२१४ रुग्ण होते. एकाला दुसऱ्याने भागलं. आकडे जमवणारे विल्यम फार हे त्या काळचे नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ. घोटाळा झाला तो छेदात: अंश वर्षभराचा आणि छेद एका दिवसाचा. त्या खाटांवर वर्षभरात समजा दहा-दहा रुग्ण येऊन गेले असतील, तर तेच मृत्यू शेकडा नऊवर येतात. त्याच तक्त्यात मार्गेटच्या समुद्रकाठच्या रुग्णालयाचा दर जेमतेम १३ आहे. तिथले रुग्ण दीर्घ मुक्कामाचे. खाट लवकर रिकामीच होत नसेल, तर तिच्यावर वर्षाला मृत्यू तरी किती होणार? त्या काळच्या डॉक्टरांनी या तक्त्यावर सडकून टीका केली, आणि तीही रास्तच होती.

दीडशेहून अधिक वर्षं उलटली, तरी माझ्या टेबलावर येणाऱ्या तक्त्यांत हीच चूक वेष पालटून हजर असते. म्हणून हा लेख. तुमच्यावर आपल्या विभागांची, शाखांची किंवा एका गटातल्या रुग्णालयांची तुलना करून गुणवत्ता सुधारण्याचं काम आलं असेल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या. काही पायऱ्यांवर आठवडे जातील, काहींवर तासभर पुरेल.

पायरी १: तुलना कुणासाठी, हे आधी लिहून काढा

एकच आकडा तीन कामांसाठी मागितला जातो. डॉक्टरांना स्वतःचं काम सुधारायचं असतं, रुग्णांना रुग्णालय निवडायचं असतं आणि पैसे देणाऱ्याला कुणाला किती द्यायचे ते ठरवायचं असतं. तिन्हीसाठी एकच तक्ता चालेल असं वाटतं, पण चालत नाही. पगार किंवा नाव पणाला लागलं की आकडा भरणाऱ्याचा हात बदलतो.

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेबाबत अमेरिकेत दोन वेगळे रस्ते जवळजवळ एकाच वेळी चालले गेले. न्यूयॉर्क राज्याने १९८९पासून प्रत्येक शस्त्रक्रियेची माहिती गोळा केली आणि रुग्णालयांचे मृत्युदर जाहीर केले. एका वर्तमानपत्राने कोर्टात जाऊन शल्यचिकित्सकांची नावंसुद्धा बाहेर काढली. जोखमीनुसार जुळवलेला (म्हणजे रुग्ण किती गंभीर होते त्याचा हिशेब धरून काढलेला) मृत्युदर १९८९मध्ये ४.१७ टक्के होता, तो १९९२पर्यंत २.४५वर आला. अवघड रुग्णांना टाळलं जातंय, राज्याबाहेर पाठवलं जातंय, अशा तक्रारीही आल्या आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. तिकडे मेन, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या राज्यांतली पाच रुग्णालयं बंद दाराआड एकत्र बसली. त्यांनी एकमेकांना आपले आकडे दाखवले, सुधारणेच्या पद्धतींचं प्रशिक्षण घेतलं आणि एकमेकांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊन काम बघितलं. त्यांचे मृत्यू अपेक्षेपेक्षा २४ टक्क्यांनी घटले. नावं कुठेही छापली गेली नाहीत.

दोन्हीकडे मृत्यू कमी झाले, त्यामुळे "जाहीर करावं की नाही" याला एकच उत्तर नाही. माझं मत असं: पहिल्यांदाच मोजत असाल तर पहिलं वर्ष आपसातच ठेवा, पण आकडे कधी खुले करणार ती तारीख त्याच दिवशी ठरवून लिहा. तारीख नसेल तर "आपसात" म्हणजे कायमचं कपाटात.

पायरी २: थोडंच मोजा

१९६६मध्ये अवेडिस डोनाबेडियन यांनी वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेकडे तीन बाजूंनी बघायला शिकवलं: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. रचना म्हणजे काय आहे: खाटा, परिचारिका, यंत्रं. प्रक्रिया म्हणजे काय केलं. परिणाम म्हणजे रुग्णाचं काय झालं. नव्या माणसाची धाव सरळ परिणामांकडे जाते, कारण रुग्णाच्या दृष्टीने खरं तेच. पण मृत्यूसारख्या क्वचित घडणाऱ्या गोष्टींवर छोट्या रुग्णालयांत फरक कळायला वर्षं लागतात. त्याउलट शंभर शस्त्रक्रियांपैकी किती जणांना प्रतिजैविक वेळेत मिळालं यात साठ आणि नव्वद असा फरक असेल, तर तो पहिल्याच तिमाहीत स्वच्छ दिसतो. शिवाय तिथे काय बदलायचं हे आकड्यातच लिहिलेलं असतं.

अट एकच. ती प्रक्रिया परिणामाशी खरोखर जोडलेली असली पाहिजे, आणि त्याला पुरावा हवा. "समुपदेशन केले" असा शिक्का केसपेपरवर आहे का, हे मोजणं म्हणजे शाई मोजणं.

सुरुवातीला पाच-सहा निर्देशक, म्हणजे नियमित मोजायचे आकडे, पुरे: दोन-तीन प्रक्रियेचे, एक-दोन परिणामाचे, एक रुग्णाच्या अनुभवाचा. प्रत्येकाला एक तोलून धरणारा जोडीदार द्या. मुक्कामाचे दिवस कमी करणार असाल तर तीस दिवसांत परत दाखल झालेले मोजा. सिझेरियनचं प्रमाण खाली आणणार असाल तर बाळांची स्थिती मोजा. एक दाबलं की दुसरीकडे काय फुगतं, ते बघायला माणूस बसलेला हवा.

पायरी ३: व्याख्येचा कागद

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रतिजैविकाचंच उदाहरण जवळून बघू. वाक्य साधं आहे: "शस्त्रक्रियेत चिरा देण्याआधीच्या ६० मिनिटांत प्रतिजैविक सुरू केलं का?" हे वाक्य चार रुग्णालयांना पाठवा, चार वेगळे निर्देशक परत येतील.

आधी छेद. (ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, छेद म्हणजे चिरा आणि कागदावर छेद म्हणजे भागाकाराचा खालचा आकडा. या कामात दोन्ही एकाच ओळीत येतात, आमच्या बैठकीत यावरून एकदा पाच मिनिटं कुणालाच काही कळेना.) कोणत्या शस्त्रक्रिया धरायच्या? ज्यांत प्रतिबंधक प्रतिजैविकाची गरजच नाही, त्या बाहेर. संसर्ग झाल्यामुळे आधीच प्रतिजैविक चालू असलेले रुग्ण? तेही बाहेर, पण किती बाहेर काढले ती संख्या वेगळी कळवायची. एखाद्या रुग्णालयात निम्मे रुग्ण "बाहेर" जात असतील तर उरलेल्या निम्म्यांचा ९८ टक्के कौतुकाचा नाही. एका रुग्णाचं एकाच मुक्कामात दोनदा ऑपरेशन झालं, तर छेदात तो एकदा की दोनदा?

मग अंश. औषध "दिलं" म्हणजे सलाइन सुरू केलं ती वेळ की संपलं ती? साधारण औषधांना फरक पडत नाही, पण व्हँकोमायसिनसारखं औषध शिरेतून जायलाच तासभर किंवा जास्त लागतो, म्हणून त्याला १२० मिनिटांची मुभा असते. ती मुभा कागदावर लिहिलेली हवी.

आणि घड्याळ. औषधाची वेळ भूलपत्रकावर, चिऱ्याची वेळ ओटीच्या रजिस्टरमध्ये. भूलपत्रकावरची वेळ मॉनिटर बघून लिहिलेली, रजिस्टरमधली भिंतीवरचं घड्याळ बघून. मी एकदा एका ओटीत नुसता उभा राहून दोन्ही घड्याळं बघितली, भिंतीवरचं सात मिनिटं पुढे होतं. ६० मिनिटांच्या मर्यादेत सात मिनिटं म्हणजे कितीतरी रुग्ण कुंपणाच्या या बाजूचे त्या बाजूला. निर्देशक सुधारण्याचा त्या महिन्यातला पहिला उपाय म्हणजे घड्याळ मिळवून घेणं.

शेवटी राहतो "नोंद नाही" हा प्रकार. औषध दिलं असेल पण लिहिलं नसेल तर काय करायचं? न दिल्यात धरलं तर डॉक्टर चिडतात, वगळलं तर न लिहिणारा फायद्यात राहतो. मी तिसरा रकाना ठेवतो आणि तो तितक्याच मोठ्या अक्षरांत छापतो: वेळेत, वेळेबाहेर, नोंद नाही. दोन-तीन महिन्यांत तिसरा रकाना आपोआप आटतो.

कागद तयार झाला की परीक्षा घ्या. वीस केसपेपर काढा, दोन जणांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून त्यावरून अंश आणि छेद काढायला सांगा. वीसपैकी दोनाहून जास्त ठिकाणी मतभेद झाला तर दोष वाचणाऱ्यांचा नाही, कागदाचा आहे. तो दुरुस्त करा, नवे वीस घ्या.

पायरी ४: शोधणाऱ्याला सापडतं

तुलनेआधी विचारा: ही गोष्ट सगळीकडे सारख्याच कसोशीने शोधली जाते का? शिरांमधल्या गुठळ्यांचं प्रमाण अशा रुग्णालयांत जास्त दिसतं, जिथे सोनोग्राफी सढळपणे केली जाते. पडण्याच्या घटना तिथे जास्त, जिथे इन्चार्ज सिस्टर पडलेल्या प्रत्येकाचा फॉर्म भरून घेते. कमी दर दिसला की आधी खात्री करा, तो चांगल्या सेवेचा आहे की न बघण्याचा.

संसर्गासाठी छेद रुग्णसंख्येचा ठेवू नका, उपकरण-दिवसांचा ठेवा. मध्यवर्ती शिरेतली नळी दोन दिवस असणारा आणि वीस दिवस असणारा यांना एका मापाने मोजता येत नाही. रोज एका ठरलेल्या वेळी वॉर्डात किती जणांना नळी आहे ते मोजायचं, महिनाभराची बेरीज करायची आणि संसर्ग दर हजार नळी-दिवसांमागे सांगायचे. मिशिगनमधल्या शंभरहून अधिक आयसीयूंनी याच मापाने मोजलं. नळी घालताना हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वापरणं, जांघेची जागा टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं या पाच गोष्टी त्यांनी नेटाने केल्या. २००६मध्ये पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत मध्यक (सगळे आयसीयू चढत्या क्रमाने मांडले तर मधोमध येणारा आकडा) हजार नळी-दिवसांमागे २.७वरून शून्यावर आला होता.

मृत्यू मोजताना मुदत ठरवा. "रुग्णालयात झालेले मृत्यू" हा सोपा पण फसवा अंश आहे. जे रुग्णालय अत्यवस्थ रुग्णाला लवकर घरी किंवा दुसरीकडे पाठवतं, त्याचा दर सुंदर दिसतो. दाखल झाल्यापासून किंवा शस्त्रक्रियेपासून ३० दिवस ही मुदत बरी, मग रुग्ण कुठेही असो. त्यासाठी फोन करावे लागतील किंवा मृत्युनोंदणीशी जुळवावं लागेल, आणि ते खर्चिक आहे. जमत नसेल तर निदान दुसरीकडे पाठवलेले रुग्ण दोन्ही रुग्णालयांत कसे धरायचे, ते लिहून ठेवा.

पायरी ५: "आमच्याकडे पेशंटच गंभीर येतात"

हे वाक्य प्रत्येक बैठकीत येणार. कधी ती सबब असते, कधी शंभर टक्के खरं असतं, आणि नुसतं ऐकून ओळखता येत नाही. म्हणून मोजावं लागतं.

१९८६मध्ये मुतखड्यावरच्या उपचारांची एक तुलना प्रसिद्ध झाली. उघड्या शस्त्रक्रियेत ३५०पैकी २७३ रुग्ण यशस्वी, म्हणजे ७८ टक्के. त्वचेतून नळी घालून केलेल्या पद्धतीत ३५०पैकी २८९, म्हणजे ८३. दुसरी पद्धत सरस वाटते. आता खड्याच्या आकारानुसार वेगळं करा. लहान खड्यांत उघडी शस्त्रक्रिया ९३ टक्के यशस्वी, दुसरी ८७. मोठ्या खड्यांत ७३ विरुद्ध ६९. दोन्ही गटांत उघडी शस्त्रक्रिया पुढे, आणि एकत्र केल्यावर मागे! कारण मोठे, अवघड खडे मुख्यतः तिच्याच वाट्याला आले होते. शल्यचिकित्सकांच्या बाबतीत हेच रोज घडतं. ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा, त्याच्याकडे सगळ्यांच्या अवघड केसेस.

यावरचा उपाय कागद-पेन्सिलीने समजून घ्या, सॉफ्टवेअर नंतर. समजा एका मोठ्या गटातली दोन रुग्णालयं आहेत आणि त्या सगळ्या गटाचा मिळून सरासरी मृत्युदर कमी जोखमीच्या रुग्णांत १.२ टक्के, जास्त जोखमीच्या रुग्णांत ९ टक्के आहे.

| | कमी जोखीम: रुग्ण / मृत्यू | जास्त जोखीम: रुग्ण / मृत्यू | एकूण दर |
|---|---|---|---|
| पहिलं | ८०० / ८ | २०० / २० | २.८ टक्के |
| दुसरं | ३०० / ३ | ७०० / ५६ | ५.९ टक्के |

नुसता दर बघून दुसऱ्या रुग्णालयावर चौकशी बसेल. पण अपेक्षित मृत्यू काढा. पहिल्यात ८००चे १.२ टक्के म्हणजे ९.६, आणि २००चे ९ टक्के म्हणजे १८, मिळून २७.६. घडले २८, गुणोत्तर १.०१. दुसऱ्यात ३.६ आणि ६३, मिळून ६६.६ अपेक्षित. घडले ५९, गुणोत्तर ०.८९. अपेक्षेपेक्षा कमी मृत्यू तिथेच आहेत. (लगेच हार-तुरेही नकोत. ५९ आणि ६६.६ यांतला फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. तो हिशेब पुढच्या पायरीत.)

खऱ्या कामात दोनऐवजी वय, निदान, आणीबाणीचं दाखल होणं, सोबतचे आजार अशा अनेक गोष्टी एकत्र घेऊन प्रत्येक रुग्णाची जोखीम काढतात. ते संख्याशास्त्र जाणणाऱ्याकडून करून घ्या. एक नियम मात्र तुम्हीच सांभाळायचा: दाखल होतानाची स्थिती तेवढी धरायची, आत आल्यावर घडलेलं काहीही धरायचं नाही. शस्त्रक्रियेनंतर झालेल्या न्यूमोनियाला "जास्त जोखीम" म्हणून सूट दिलीत, तर आपण केलेल्या नुकसानीची आपणच माफी लिहून दिली. आणि जुळवणीने सगळं जुळतं असंही नाही. ज्या गोष्टी नोंदल्याच जात नाहीत, उदाहरणार्थ घरी सांभाळणारं कुणी आहे की नाही, त्या गणिताबाहेरच राहतात.

पायरी ६: क्रमवारी फाडून टाका, नरसाळं काढा

पहिला, दुसरा, विसावा अशी यादी सगळ्यांना आवडते. मला तिचा मनस्वी कंटाळा आहे. वीस रुग्णालयं अगदी सारखं काम करत असली तरी कुणीतरी विसावं येणारच, आणि ते बहुधा छोटं असणार, कारण छोट्या संख्येत आकडे उड्या मारतात. (पहिलंही छोटंच असण्याची शक्यता तितकीच, पण पेढे वाटताना हे कुणाला आठवत नाही.)

त्याऐवजी फनेल प्लॉट काढा. डेव्हिड स्पीगलहाल्टर यांनी २००५मध्ये रुग्णालयांच्या तुलनेसाठी याची रीतसर मांडणी केली. एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होतो. आडव्या अक्षावर रुग्णसंख्या, उभ्यावर दर, प्रत्येक रुग्णालयाचा एक ठिपका. मधोमध सरासरीची आडवी रेघ. मग मर्यादा, म्हणजे निव्वळ योगायोगाने ठिपका साधारण कुठपर्यंत भरकटू शकतो ते: सरासरी दर ४ टक्के असेल तर ०.०४ गुणिले ०.९६, भागिले रुग्णसंख्या, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९६. हे सरासरीत मिळवलं की वरची मर्यादा, वजा केलं की खालची. शंभर रुग्णांना मर्यादा ०.२ ते ७.८ टक्के येते, चारशेंना २.१ ते ५.९, अडीच हजारांना ३.२ ते ४.८. रेघा डावीकडे रुंद, उजवीकडे निमुळत्या, म्हणून नरसाळं. संख्या फार लहान असेल तर हे सूत्र ढिलं पडतं, तेव्हा द्विपद वितरणाच्या अचूक मर्यादा घ्या.

आता शंभर रुग्णांत ७ टक्के मृत्यू असलेलं रुग्णालय नरसाळ्याच्या आत पडतं आणि अडीच हजारांत ५ टक्केवालं बाहेर. क्रमवारीत बोट पहिल्याकडे गेलं असतं, बघायला हवं दुसऱ्याकडे.

१.९६ने काढलेल्या मर्यादांबाहेर वीसपैकी साधारण एक जण निव्वळ नशिबाने जातो. म्हणून जोडीला १.९६ऐवजी ३ने गुणून बाहेरच्या मर्यादाही काढा. आतल्या रेघेबाहेर गेला तर लक्ष ठेवा, बाहेरच्या रेघेबाहेर गेला तर उठून चालायला लागा.

आणि "आमच्याकडे एकही मृत्यू नाही" म्हणणाऱ्यांसाठी एक सोपं गणित. शून्य घटना असतील तर ३ला रुग्णसंख्येने भागा. तीस शस्त्रक्रियांत शून्य मृत्यू म्हणजे खरा दर १० टक्क्यांपर्यंतही असू शकतो.

पायरी ७: काळाची रेघ

या महिन्याची गेल्या महिन्याशी तुलना करून हिरवे-लाल बाण दाखवणारे डॅशबोर्ड बंद करता आले तर करा. दोन ठिपक्यांतून कल कळत नाही. १९२४मध्ये वॉल्टर श्यूहार्ट यांनी टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कारखान्यासाठी कंट्रोल चार्ट (नेहमीचा चढउतार आणि खरा बदल वेगळे दाखवणारा आलेख) काढला, तो इथेही जसाच्या तसा चालतो. ते जमेपर्यंत साधा रन चार्ट घ्या: महिन्यांचे ठिपके, मधोमध मध्यकाची रेघ. सलग सहा किंवा जास्त ठिपके एकाच बाजूला आले तर काहीतरी खरोखर बदललंय. त्याखेरीज वर-खाली होणारं सगळं म्हणजे रोजची धडधड.

गेल्या वर्षी सगळ्यात वाईट असलेला विभाग यंदा सुधारला, तर श्रेय घेण्याआधी थांबा. टोकाचे आकडे पुढच्या खेपेला आपणहून सरासरीकडे सरकतात, कार्यशाळा घ्या किंवा न घ्या.

पायरी ८: ठिपका बाहेर गेला, आता?

चौकशीचा क्रम पाळा. आधी माहिती तपासा: नोंदी, कोडिंग (निदानांना दिलेले संकेतांक), छेद. मग रुग्णांचं मिश्रण. मग साधनं: मनुष्यबळ, खाटा, रक्तपेढी, रात्रीचा सिटी स्कॅन. मग प्रक्रिया. सगळ्यात शेवटी व्यक्ती. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा चालतो. आकडा आला की पहिला प्रश्न "ड्युटीवर कोण होतं?" असा प्रश्न एकदा विचारला गेला की पुढच्या वर्षी नोंदी फार स्वच्छ येतात, आणि त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

पण माहिती तपासायची म्हणजे तिथेच मुक्काम ठोकायचा असं नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या बाल-हृदयशस्त्रक्रियांच्या चौकशीचा अहवाल २००१मध्ये आला. १९९१ ते १९९५ या काळात तिथे एक वर्षाखालच्या मुलांत अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ जास्त मृत्यू झाल्याचं त्यात म्हटलं आहे. आकड्यांचा तुटवडा तिथे नव्हता. एका भूलतज्ज्ञाने ते वर्षानुवर्षं पुढे मांडलेही होते. ते बघून काय करायचं आणि कुणी करायचं, हे ठरलेलं नव्हतं. म्हणून ठिपका बाहेर जाण्याआधीच कागदावर तीन गोष्टी लिहा: कोण बघणार, किती दिवसांत उत्तर देणार, आणि उत्तर पटलं नाही तर काम कोण थांबवणार. तिसरी ओळ लिहिताना बैठकीत शांतता पसरते. लिहूनच उठा.

पायरी ९: आकडा त्याच्या मालकाला दाखवणं

ज्याचा आकडा आहे त्याने तो सगळ्यांच्या आधी, एकट्याने बघितला पाहिजे. सोबत रुग्णांची यादी द्या, म्हणजे तो स्वतः केसपेपर काढून पडताळेल. दोन चुका तो दाखवेलच. मान्य करा, दुरुस्त करा. त्यानंतर उरलेला आकडा त्याचा स्वतःचा होतो.

मग बैठक. आधी नरसाळ्याच्या चांगल्या बाजूला असलेल्यांना बोलतं करा आणि "तुम्ही हे कसं करता?" एवढंच विचारा. उत्तर बहुधा "काही विशेष नाही" असं येईल, कारण चांगलं काम करणाऱ्याला आपण वेगळं काय करतो ते दिसत नसतं. म्हणून तिथे जा. डॉक्टरासोबत सिस्टर आणि तंत्रज्ञही न्या, दिवसभर उभे राहा. प्रतिजैविक वेळेत देणाऱ्या एका ओटीत मला सापडलेली "युक्ती" अशी होती: इंजेक्शनचा ट्रे भूल देण्याच्या ट्रॉलीच्याच खालच्या कप्प्यात. बाकीच्या ठिकाणी ते वॉर्डातून देऊन पाठवत आणि रुग्ण ओटीबाहेर तासभर ताटकळत. ही गोष्ट कुठल्याही तक्त्यात नव्हती.

पायरी १०: निर्देशक म्हातारा झाला की निवृत्त करा

अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५मध्ये चलनधोरणाबद्दल मांडलेलं निरीक्षण इथेही तंतोतंत लागू पडतं: एखाद्या मापावर नियंत्रणासाठी जोर दिला की त्याचा भरवसा जातो. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातून चार तासांत रुग्णाला पुढे पाठवायचं लक्ष्य ठेवलं गेलं. प्रतीक्षा खरोखर कमी झाली. पण वेळेचा आलेख काढला तर चार तास पुरे होण्याच्या शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण हलवण्याचं एक उंच टोक दिसू लागलं. अशी टोकं मुद्दाम शोधा. सरासरीसोबत संपूर्ण वितरण काढायची सवय ठेवा. सरासरीत अशा गोष्टी दडून राहतात.

वर्षातून एकदा यादी घेऊन बसा. जो निर्देशक सगळीकडे ९८-९९वर स्थिर झालाय, तो रोज मोजणं थांबवा आणि सहा महिन्यांतून एकदा नमुना तपासा. ज्याच्यावरून वर्षभरात एकही निर्णय झाला नाही, तो काढून टाका. नवा घ्यायचा असेल तर एक जुना गेलाच पाहिजे, असा नियम करा. प्रत्येक रकाना रात्रपाळीच्या कुणातरी सिस्टरची पाच मिनिटं घेतो. आमच्याकडे एक फॉर्म अकरा पानांचा झाला होता. त्यातली चार पानं कोण वाचतं ते शोधत गेलो, तर मागवणाऱ्या अधिकाऱ्यांची बदली होऊन तीन वर्षं झाली होती. सिस्टर मात्र अजून भरत होत्या.